डिझेल पिकअप सकाळी धरत नाही, चढावर दम सोडते: पंप आणि नोझल उतरवण्याआधी हे तपासा

गाडी एकदा गरम झाली की दिवसभर तिच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. अर्ध्या सेल्फला सुरू होते, माल भरून निमूट चालते. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी जणू वेगळीच गाडी. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, चांगल्या वेगानं फिरतं, पण धरत नाही. १० सेकंद, १५ सेकंद. मग एकदा धरल्यासारखं करतं आणि लगेच बंद पडतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला सुरू होतं, अर्धा मिनिट मिसिंग करत थरथरतं, आणि नंतर काही झालंच नाही असं चालायला लागतं.

रोज असं झालं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण आठवड्यातून एकदा, मग चार दिवस काही नाही, मग सलग दोन दिवस, असा सगळा खेळ. पुढे त्यात आणखी एक भर पडली. माल भरलेला असताना लांब चढावर अचानक ओढ जायची, पिवळा दिवा लागायचा आणि गाडी लिंप मोडमध्ये जायची, म्हणजे इंजिन बचावासाठी स्वतःची ताकद मर्यादित करायचं. रेस कितीही द्या, इंजिन वर जायला तयार नाही. बाजूला घेऊन चावी बंद करायची, मिनिटभर थांबायचं, परत सुरू करायची, की पुन्हा ठीक. मागे माल, पुढे चढ, पाठीमागून हॉर्न, आणि आपण दिवा विझायची वाट बघत बसलोय. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

ही गाडी कॉमन रेल इंजिनची (पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल मोठ्या दाबानं भरून ठेवतो आणि तिथून ते नोझलना मिळतं), पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली. दीड वर्ष हे चाललं. त्या काळात काय काय बदललं, त्याचा उपयोग का झाला नाही आणि शेवटी काय सापडलं, हे सविस्तर लिहितोय. माझ्या गाडीचा हाय प्रेशर पंप आणि चारही नोझल उतरवायचं जवळजवळ ठरलं होतं. बिघाड होता एका रबरी रिंगेत.

आधी काय काय बदललं

पहिल्यांदा बॅटरी बदलली. जुनी होतीच, त्यामुळे त्याचं वाईट वाटत नाही. नंतर हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू होताना सिलिंडर आतून तापवणारे प्लग. मग डिझेल फिल्टर. फिल्टर बदलल्यावर गाडी दहा-बारा दिवस अगदी छान सुरू झाली. वाटलं, सुटलो. तेराव्या दिवशी पुन्हा तेच. मग "डिझेलच खराब भरलं असेल" म्हणून टाकी साफ केली आणि परत एकदा नवा फिल्टर बसवला. पुन्हा आठ दिवस बरे, पुन्हा तेच.

त्यानंतर चढावर दिवा लागलेला असतानाच स्कॅनर लावला. कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमधलं डिझेलचं प्रेशर हवं त्यापेक्षा कमी. प्रेशर तयार करतो पंप, प्रेशर कमी आहे, म्हणजे पंप गेला, असा सरळ हिशेब गॅरेजमध्ये मांडला गेला. ऐकायला तो बरोबर वाटतो. पण कोड फक्त एवढंच सांगतो की प्रेशर कमी झालं. का कमी झालं, हे तो सांगत नाही. पंपापर्यंत नीट डिझेल पोचतच नसेल तर कोरा करकरीत पंप बसवला तरी हाच कोड येणार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं होऊन बसतं.

आता मागे वळून पाहिलं तर सगळ्यात मोठी खूण त्या दहा-बारा चांगल्या दिवसांमध्येच होती. पार्ट बदलला, गाडी सुधारली, परत बिघडली, म्हणजे तो पार्ट खराब नव्हता. पण तो बदलताना जे काही उघडलं, हललं, पुन्हा आवळलं गेलं, त्यातच कुठेतरी दुखणं होतं. मला हे कळायला फार उशीर झाला. तुमच्याही गाडीला "काम केल्यावर काही दिवस बरं वाटतं" असं होत असेल, तर त्या वेळी नक्की कुठे कुठे हात लागला होता ते आठवून लिहून काढा.

वही

पंपाला होकार देण्याआधी मी तीन आठवडे मागून घेतले आणि एक वही केली. रोज सकाळी सहा गोष्टी लिहायच्या: गाडी किती तास उभी होती, टाकीत डिझेल किती, गाडी कशी उभी होती (सपाट, नाक वर की नाक खाली), हवा गार होती का, किती सेकंद सेल्फ मारावा लागला, आणि सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून धूर येत होता का.

तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. गारठ्याशी काही संबंध नव्हता. उबदार सकाळीही गाडी अडायची आणि गार सकाळीही पटकन सुरू व्हायची. टाकी भरलेली आणि गाडीचं नाक उताराकडे असेल, तर दोन-तीन सेकंदांत स्टार्ट. टाकी पाव भागाच्या खाली आणि नाक चढाकडे असेल, तर १५ सेकंदांच्या खाली एकदाही नाही. आणि अडायची त्या प्रत्येक दिवशी धुराच्या रकान्यात "नाही" लिहिलेलं.

हे धुराचं नीट समजून घ्या, कारण बघायला दुसऱ्या माणसाशिवाय काही लागत नाही. सेल्फ फिरतोय आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतोय, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण पेटत नाही. तेव्हा हीटर प्लग, कॉम्प्रेशन यांच्याकडे बघायचं. सेल्फ फिरतोय आणि धुराची रेघसुद्धा नाही, तर डिझेल आतच जात नाहीये. माझ्याकडे धूर नव्हता. म्हणजे हीटर प्लग बदलायची गरज मुळात नव्हतीच.

उताराचंही कारण सरळ आहे. पिकअपची टाकी मागच्या बाजूला, इंजिन पुढे. नाक वर असेल तर टाकी इंजिनच्या खाली जाते. लाइनमध्ये कुठेही हवेला शिरायला वाट असली की रात्रभरात पाइपमधलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं आणि पाइपमध्ये हवा राहते. नाक खाली असेल तर टाकीच उंचावर, मग डिझेल मागे जाणार कसं?

गळती आहे, पण थेंब दिसत नाही

इथे बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली. "गळती असती तर खाली डिझेल दिसलं असतं ना!" हे मला तीन वेगवेगळ्या जाणत्या माणसांनी सांगितलं.

माझ्या गाडीत टाकीमध्ये इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्या पोटातच एक छोटा गिअर पंप असतो आणि तो टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढून घेतो. ओढतो, म्हणजे त्या पाइपमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. स्ट्रॉला बारीक चीर असली की सरबत बाहेर सांडत नाही, उलट घोटाबरोबर हवा तोंडात येते, तसंच हे. इंजिन चालू असताना त्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गाडीखाली कधीच डाग पडत नाही. तुमच्या गाडीच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लाइन दाबाखाली असते आणि फटीतून डिझेल बाहेर झिरपतं. त्यामुळे आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज आला तर बहुधा टाकीत पंप आहे.

हवेनं बिघडतं काय? डिझेल जवळजवळ दबतच नाही, हवा सहज दबते. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत रेलमध्ये ठरावीक प्रेशर, साधारण दीडशे-दोनशे बारच्या घरात, तयार झाल्याशिवाय इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नोझल उघडायला परवानगीच देत नाही. सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे मारतं. तेवढ्या फेऱ्यांत पंपानं आधी टाकीतून डिझेल वर ओढायचं, हवा पुढे ढकलायची आणि मग प्रेशर करायचं, यातच तुमचे १५ सेकंद जातात. चढावरही तेच. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर लागतं आणि डिझेलही भरपूर लागतं. पंप जोरात ओढतो, फटीतून हवा जास्त येते, प्रेशर पडतं, कोड लागतो, इंजिन स्वतःला आवरून घेतं. सकाळचा त्रास आणि चढावरचा त्रास हे दोन आजार नव्हते. एकच होता.

कसं शोधलं

पहिली परीक्षा हाताच्या प्रायमरची. फिल्टरवर किंवा लाइनमध्ये हातानं दाबायचा पंप असतो. रात्रभर गाडी उभी असताना, सकाळी सेल्फ मारायच्या आधी, तो दाबून बघा. लाइन भरलेली असेल तर दोन-तीन दाबांत तो कडक होतो. माझा पंचवीस दाब होईपर्यंत पोकळच लागत होता, आतून बुळबुळ आवाज येत होता, मग हळूहळू घट्ट झाला. लगेच सेल्फ मारला: दोन सेकंदांत स्टार्ट. असं सलग तीन दिवस केलं, तिन्ही दिवस तेच. पंप आणि नोझल गेलेले असते तर नुसता प्रायमर दाबून काही फरक पडला नसता. ज्या सकाळी हे लक्षात आलं, त्या सकाळी दीड वर्षात पहिल्यांदा मनावरचं ओझं उतरलं.

हवा येते हे कळलं. आता कुठून, हे शोधायचं. त्यासाठी पारदर्शक पाइप. डिझेलला टिकणारा, त्याच मापाचा, वीतभर तुकडा फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये जोडला, दोन्ही बाजूंना नीट क्लिपा लावल्या. सायलेन्सरच्या गरम भागापासून आणि पंख्यापासून लांब राहील असा बांधला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टॉर्च घेऊन बघितलं. तुकडा निम्मा रिकामा. एकाला सेल्फ मारायला सांगितलं. आधी हवेचा मोठा फुगा सरकत गेला, मग फेस, आणि इंजिन सुरू झाल्यावरही मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, माळ ओवल्यासारखे, पंपाकडे चाललेले. फिल्टर बदलल्यानंतर पहिली काही मिनिटं बुडबुडे दिसणं साहजिक आहे. पण पंधरा मिनिटं चाललेल्या इंजिनमध्ये ते थांबत नसतील तर हवा आत येतेच आहे, याबद्दल शंका नको.

मग तोच तुकडा फिल्टरच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या पाइपवर लावला. तिथे स्वच्छ, एकसंध डिझेल. एकही बुडबुडा नाही. म्हणजे टाकी, टाकीतली नळी, खालून येणारा सगळा लांबलचक पाइप एका फटक्यात निर्दोष सुटले. हवा फिल्टरमध्येच शिरत होती. लाइन अशी अर्ध्या-अर्ध्यानं तपासत गेलं की उगाच सगळं उघडत बसावं लागत नाही.

फिल्टर तर नवा होता. दोनदा नवा. पण त्याच्या बुडाला पाण्याचा सेन्सर असतो, आणि तो नव्या फिल्टरबरोबर येत नाही. जुन्या फिल्टरचा काढून नव्याला लावतात. सेन्सरबरोबर त्याची ओ-रिंगही जुनीच जात होती. सेन्सर फिरवून काढला आणि ती रिंग बोटावर घेतली. गोल असायला हवी ती चपटी झाली होती, नखानं दाबली तर दबत नव्हती, आणि ताणून उजेडात धरली तेव्हा आतल्या कडेला केसाएवढी चीर दिसली. दर वेळी फिल्टर बदलताना सेन्सर पुन्हा आवळला जायचा, रिंग थोडी वेगळ्या जागी बसायची, आठ-दहा दिवस हवा अडायची. मग इंजिनच्या थरथरीनं आणि गरम-गार होण्यानं पुन्हा वाट मोकळी.

नवी रिंग डिझेलला टिकणाऱ्या रबराची, नेमक्या मापाची आणली. साधी पाण्याच्या नळाची रिंग इथे चालत नाही, डिझेलनं फुगते. रिंगेला आणि तिच्या खाचेला डिझेलचा हात लावला, खाच कापडानं पुसली, सेन्सर हातानंच घट्ट केला. पान्यानं आवळून रिंग चेपायची नाही. प्रायमर दाबून हवा काढली. पारदर्शक तुकडा दोन दिवस तसाच ठेवून पाहिला, मग काढून मूळ पाइप जोडला. तो तुकडा कायमचा ठेवू नका, उष्णतेनं कडक होऊन तोच गळायला लागतो.

तुमच्याकडे फिल्टर स्वच्छ निघाला तर पुढचे संशयित म्हणजे प्रायमरचा रबरी पडदा, जुन्या पाइपांची सैल झालेली टोकं आणि नोझलवरून टाकीकडे परत जाणारा बारीक रिटर्न पाइप. हा रिटर्न पाइप उष्णतेनं कडकडीत होतो आणि जोडापाशी तडकतो. टाकीची बाजू निकालात काढायची असेल तर इंजिनच्या उंचीला स्वच्छ डिझेलचा कॅन नीट बांधून त्यातून पाइप द्यायचा आणि रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडायचा. त्यावर गाडी नीट चालली तर दोष कॅनच्या मागे, टाकीकडे.

लक्षणं वेगळी असतील तर

सकाळी पटकन सुरू होते पण गरम झाल्यावर, थोडा वेळ थांबून परत सुरू करताना अडते, अशी तक्रार असेल तर माझी गोष्ट तुमच्या कामाची नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या नोझलमधून किंवा पंपातून जास्त परत जातं. तिथे रिटर्नची चाचणी करायची: प्रत्येक नोझलच्या रिटर्नला सारखी बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली तर तो नोझल. इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो, तेव्हाही असंच होतं.

सेल्फच मंद फिरत असेल तर डिझेलकडे बघूच नका. मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी किंवा केबल. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी गंजलेली असेल तर नवी बॅटरीही मार खाते.

चढावर ओढ जाताना काळा धूर येत असेल आणि कोड पी ०२९९ (टर्बोचा दाब कमी) असेल, तर टर्बोच्या हवेचे होज आणि त्यांच्या क्लिपा आधी हातानं चाचपा, इंजिन बंद आणि गार असताना.

काही गोष्टींबाबत मात्र मी कळकळीनं सांगतो. इंजिन चालू असताना रेलचे, नोझलचे लोखंडी पाइप सैल करून "प्रेशर येतंय का" बघायची जुनी सवय कॉमन रेलवर चालवू नका, आणि तिथली गळती हातानं चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तो नको त्या क्षणी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो. सेल्फ एका वेळी दहा-बारा सेकंदांच्या वर दाबून धरू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टरही जातो. आणि हवा धरणारी गाडी "चालतेय ना" म्हणून तशीच ओढू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. त्यात हवा मिसळत राहिली तर आज चांगला असलेला पंप उद्या खरंच जाईल.

गॅरेजमध्ये नेलं की गाडी शहाण्यासारखी सुरू होते, हे दुःख सगळ्यांचंच. त्यावर एकच उपाय सापडला: गाडी संध्याकाळी नेऊन द्यायची, नाक वर करून उभी करायला सांगायची, आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकनं स्वतः मारायचा. तोपर्यंत कोणी चावीला हात लावायचा नाही. वहीची पानं समोर ठेवली की बोलणंही वेगळं होतं. माझ्या मेकॅनिकनं उताराचा रकाना बघितला आणि पंपाचा विषय स्वतःहून बाजूला ठेवला.

रिंग बदलून आता पाच महिने झाले. मागच्या आठवड्यात मुद्दाम पाव टाकीच्या खाली डिझेल असताना नाक चढाकडे करून दोन रात्री उभी केली. दोन्ही सकाळी दोन सेकंद. चढावर माल घेऊन अनेकदा गेलोय, दिवा लागलेला नाही. बाटल्यांच्या चाचणीत तिसऱ्या नोझलचा रिटर्न इतरांपेक्षा किंचित जास्त दिसला होता, तो दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतोय. फिल्टर बदलताना आता सेन्सरची नवी रिंग मी आधीच खिशात घेऊन जातो.